देवरिया तालाकाठी पाच-दहा माणसांचं लग्न: इंदूरकरांसाठी सारी गावच्या सेवेचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. उत्तराखंडातल्या देवरिया तालाच्या पायथ्याशी असलेल्या सारी गावात राहणं, जेवण आणि वाटाडे यांना दहापैकी नऊ. खच्चरवाल्यांना आठ. 'तळ्याकाठी मंडप, तळ्याकाठी होम' असं सांगून जे पॅकेज विकलं जातं त्याला मात्र दहापैकी दोन, आणि ते दोनही फोटो चांगले येतात म्हणून. लग्न खाली गावात लावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर जा, एवढं ऐकलंत तरी निम्मी डोकेदुखी टळते. कारणं पुढे देतो.

इंदूरच्या मराठी घरांत हल्ली हा बेत वारंवार निघतो. चारशे पानं उठवण्यापेक्षा दोन्हीकडचे आई-वडील, एखादं भावंड, एक जवळचा मित्र आणि गुरुजी एवढेच घेऊन कुठेतरी डोंगरात लग्न लावायचं आणि परत आल्यावर रामबाग किंवा सुदामानगरातल्या एखाद्या हॉलमध्ये चहा-फराळ ठेवायचा. जागा म्हणून देवरिया तालाचं नाव पुढे येतं ते उगाच नाही. रुद्रप्रयाग जिल्ह्यात, उखीमठजवळ, साधारण 2,400 मीटर उंचीवर बांज (ओक) आणि बुरांसाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलात हे लहानसं तळं आहे. समोर 7,138 मीटरचा चौखंबा. पाणी स्थिर असलं की अख्खा डोंगर पाण्यात उतरतो. गाडी सारी गावापर्यंत जाते आणि तिथून चढ फक्त अडीच किलोमीटरचा. हिमालयात इतक्या कमी चालीत इतकं मोठं दृश्य देणाऱ्या जागा फार नाहीत, त्यामुळे साठीतले आई-वडीलही येऊ शकतात. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते याच तळ्याकाठी, असं तिथले लोक सांगतात. उखीमठात तर उषा-अनिरुद्धाचं लग्न झालं अशी श्रद्धा आहे, म्हणजे लग्नासाठी हा मुलूख पहिल्यापासून शुभ.

आता होमाचं. पॅकेजवाले फोनवर बिनदिक्कत म्हणतात, "हवन वहीं करा देंगे, कोई दिक्कत नहीं." दिक्कत आहे. तळ्याभोवती सगळं वनविभागाचं जंगल आहे आणि उत्तराखंडात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात. बांजाचा पालापाचोळा कोरडा, वारा कुठून येईल याचा भरवसा नाही. हंगाम नसला तरी जंगलात उघडी आग लावायला परवानगी लागते आणि ती तोंडी मिळत नाही. वनरक्षक येऊन कुंड विझवायला लावतो तेव्हा लाजाहोम अर्धा झालेला असतो, नवरी पाटावर असते आणि पॅकेजवाल्याचा फोन लागत नाही. वनरक्षकाची यात काहीच चूक नसते.

परवानगी मिळाली असं धरलं तरी दुसरी अडचण हवेची. पहाटेच्या गारठ्यात तूप दगडासारखं घट्ट होतं. पळी तुपात उभी राहते, गुरुजी ती हलवतात आणि तुपाचा गोळाच्या गोळा समिधेवर पडून नुसता धूर होतो. लाह्या हलक्या असतात, ओंजळीतून अग्नीत पडण्याआधीच वाऱ्याने उडून पाचोळ्यात जातात. निरांजन टिकत नाही. अंतरपाट धरणाऱ्या दोघांना तो शिडासारखा ओढत राहतो आणि मंगलाष्टकांपेक्षा कापडाचा फडफडाटच जास्त ऐकू येतो.

सारीतल्या होमस्टेचं अंगण याला उत्तम पर्याय आहे. दगडी फरशी असते, तिन्ही बाजूंनी घर असल्यामुळे वारा अडतो, पाण्याचा नळ हाताशी असतो आणि घरातल्या बायका हौसेने मदतीला येतात. फूटभर चौकोनी लोखंडी किंवा तांब्याचं कुंड न्या, खाली चार विटा आणि वाळूचा थर द्या, शेजारी दोन बादल्या पाणी ठेवा. तुपाचं भांडं आधी चुलीजवळ ठेवून पातळ करून घ्या आणि विधी चालू असताना गरम पाण्याच्या वाटीत ठेवा. समिधा आणि चार-सहा गोवऱ्या इंदूरहूनच कोरड्या न्याव्यात, कारण तिथलं लाकूड ओलसर असतं आणि धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. तळ्यावर फक्त हार घालणं, नमस्कार आणि फोटो. कापूर-उदबत्तीही नको.

हे वाचून कुणी म्हणेल, मग तळ्यावर लग्न झालं कुठे? कायद्याने पाहिलं तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 प्रमाणे, जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. ते पाऊल विस्तवासमोर पडायचं, म्हणजे गावातच. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये स्पष्ट केलं की विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न ठरत नाही. त्यामुळे 'तळ्याकाठी हार घालून फोटो काढू, कागद मागाहून' हा बेत धोक्याचा आहे. सप्तपदी नीट, सगळ्यांच्या देखत, फोटोसकट झाली पाहिजे.

मुहूर्ताची गोष्ट इंदूरहून ठरवताना बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सर्वात स्वच्छ आकाश ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतं, पण ऑक्टोबरात चातुर्मास चालू. तुळशीचं लग्न लागल्यावर आपले मुहूर्त सुरू होतात, म्हणजे बहुतेक वर्षी नोव्हेंबरात. इथे एक योग छान जुळतो: केदारनाथची दारं भाऊबीजेला बंद होतात, यात्रेची गर्दी ओसरते, रस्ता मोकळा होतो आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आपली लग्नसराई सुरू होते. तुळशीविवाहानंतर ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वात चांगला. थंडी असते, नोव्हेंबरअखेर रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, पण बर्फ सहसा वाट अडवत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून खरमास लागतो. तेव्हा स्थानिक पंडित लग्न लावत नाहीत आणि आपल्याकडेही पौष टाळतातच.

दुसरा हंगाम मार्च-एप्रिलचा. बुरांस लालभडक फुललेला असतो, चढ सुंदर दिसतो, पण चौखंबा धुरकट असण्याची शक्यता जास्त आणि वणव्याचा हंगाम सुरू झालेला. मे-जूनमध्ये जाऊच नका, रुद्रप्रयागच्या पुढे यात्रेच्या गाड्यांची रांग लागते. जुलै ते सप्टेंबरचा मध्य म्हणजे दरडी आणि जळवा.

तारीख कळवताना इंग्रजी तारीखच कळवा. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडे पौर्णिमेला संपणारा किंवा संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंतचा धरतात. आपण ज्याला मार्गशीर्ष वद्य म्हणतो तो उत्तरेकडे पौष कृष्ण. 'मार्गशीर्ष वद्य तृतीया' असं फोनवर सांगितलंत तर समोरचा महिनाभर आधीची तारीख धरून बसेल आणि वर 'पौष में कैसे?' असा वाद होईल तो वेगळा.

मुहूर्त दुपारचा किंवा गोरज असला तर विधी गावात त्या वेळी होतो आणि तळ्यावर दुसऱ्या पहाटे जाता येतं. पहाटेच जायचं कारण वारा. ऊन चढलं की उतारावरची हवा हलायला लागते, पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि प्रतिबिंब मोडतं. सकाळी आठ-साडेआठपर्यंत पाणी शांत असतं, दहा-अकराला ढग शिखरांवर चढू लागतात. नोव्हेंबरात सूर्योदय साडेसहाच्या सुमाराला. त्यामुळे सारीहून चार-सव्वाचारला निघावं. एकाच दिवशी चढ आणि विधी ठेवण्याचा आणखी एक तोटा असा की वधू-वर आणि कन्यादान करणारे आई-वडील उपाशी असतात. रिकाम्या पोटी, गारठ्यात, चारशे मीटर चढून गेल्यावर भोवळ येते, ती विरळ हवेमुळे नव्हे तर उपासामुळे आणि पाणी न प्यायल्यामुळे. 2,400 मीटरवर उंचीचा त्रास फारसा कुणाला होत नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी उत्साहात चोपत्याहून तुंगनाथ-चंद्रशिला गाठायचा बेत असेल तर ते जवळपास 4,000 मीटर आहे, तिथे त्रास होऊ शकतो. रक्तदाब किंवा दम्याचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं.

पोचायचं कसं? इंदूर-देहरादून एक्सप्रेस रोज नसते, तिचे वार आधी बघा आणि हरिद्वारला उतरा. किंवा विमानाने दिल्ली आणि तिथून देहरादूनचं जॉलीग्रांट. हरिद्वारला मुक्काम असेल तर कुशावर्त घाटावर जरूर जा. तो आपल्या अहिल्याबाईंनी बांधलेला आहे आणि हर की पौडीपेक्षा तिथे निवांत बसता येतं. ऋषिकेश ते सारी साधारण दोनशे किलोमीटर: देवप्रयाग, गढवालचं श्रीनगर, रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, मग कुंड नावाच्या गावाला रस्ता फुटतो. डावीकडे गुप्तकाशी-केदारनाथ, उजवीकडे उखीमठ. अंतर बघून चार तासांचा हिशोब करू नका, आठ-नऊ तास धरा. सकाळी सहाला ऋषिकेश सोडलंत तर उजेडात सारीत पोचता. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधे सिरोबगडला दरड कोसळण्याची जुनी खोड आहे. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पोचण्याचा बेत करणारे इथे अडकतात. एक दिवस मोकळा ठेवाच. देवप्रयागनंतर वळणं सुरू होतात, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी वळणांच्या अर्धा तास आधी घ्यायची, उलटी झाल्यावर नाही. दहा-बारा जणांना टेम्पो ट्रॅव्हलर पुरतो, पण शेवटची सीट आणि टप सामानासाठी धरा.

पैसे रोख न्या. उखीमठच्या पुढे एटीएमवर विसंबता येत नाही, सारीत सिग्नल येतो-जातो आणि 'फोन पे कर देंगे' हे वाक्य तिथे चालत नाही.

चढाविषयी. सारीतून दगडी खडंजा, म्हणजे फरसबंद वाट, सुरू होतो, वाटेत ओंकार रत्नेश्वर महादेवाचं जुनं देऊळ लागतं. सवय असलेला माणूस तासाभरात वर, बाकीच्यांना दीड-दोन तास. वाट चुकण्यासारखी नाही, तरी पहाटेच्या अंधारात वाटाड्याशिवाय जाऊ नका, कारण जंगलात अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत. वाटाडे पुढे मोठ्याने बोलत, काठी आपटत चालतात ते गंमत म्हणून नाही. ज्यांना चढ जमणार नाही त्यांच्यासाठी घोडं-खच्चर मिळतं, आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं. सामानाच्या खच्चरावर चाळीस-पन्नास किलो चढतं, त्याहून जास्त लादायला सांगू नका. नोव्हेंबरअखेर दगडांवर दहिवर गोठून बुळबुळीत होतं आणि चढण्यापेक्षा उतरताना लोक जास्त पडतात. खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत, गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज नकोत. कपाळावर बांधायचा दिवा माणशी एक. मोबाइलची टॉर्च हातात धरली की काठी धरायला हात उरत नाही.

इंदुरात सराव कुठे करायचा हा प्रश्न हमखास येतो. जानापाव आहे की. महूच्या पुढचा डोंगर, परशुरामाचं स्थान म्हणून निम्म्या कोकणस्थ घरांचं जाणं-येणं असतंच. फक्त गाडी वरपर्यंत न नेता पायवाटेने चढा. निघण्याआधी महिनाभर दर रविवारी हे केलं तर सारीचा चढ जड जात नाही. पातालपाणी-चोरलला नुसतं पोहे-जिलबी घेऊन जाण्याला सराव म्हणत नाहीत.

गुरुजींचा प्रश्न नाजूक. स्थानिक पंडित उत्तम आहेत पण विधी गढवाली पद्धतीचा असतो. मंगलाष्टकं, अंतरपाट, मुंडावळ्या, लाजाहोमातला क्रम हे आपल्या पद्धतीचं हवं असेल तर गुरुजी इंदूरहून न्यावे लागतात, आणि मग त्यांच्या प्रवासाचा, गरम कपड्यांचा, सोवळ्याच्या सोयीचा विचार आधी करावा लागतो. उघड्या अंगावर उपरणं घेऊन नोव्हेंबरात सारीच्या अंगणात दोन तास बसणं शक्य नाही. लोकरीची शाल आणि आत थर्मल चालेल का हे त्यांना इंदुरातच विचारा, तिथे पोचल्यावर नाही. बहुतेक गुरुजी समजूतदार असतात. स्थानिक पंडितांना पुण्याहवाचनाला बोलवावं, दक्षिणा द्यावी, गावाशी नातं जुळतं.

सामग्रीची यादी सगळी लिहीत नाही, गुरुजी देतीलच. पण काय कुठे मिळतं ते महत्त्वाचं. तांदूळ, गूळ, नारळ, तूप उखीमठच्या बाजारात मिळतं. मुंडावळ्या, अंतरपाट, हळकुंडं, लाह्या, सुपाऱ्या, वेगवेगळ्या समिधांची पुडी हे राजवाड्याच्या आसपास मिळतं, तिथूनच घेऊन जा. लाह्या पाव किलो पुरतात, त्या डब्यात भरा, पिशवीत त्यांचा चुरा होतो. पाटांऐवजी दोन जाड लोकरी आसनं न्या, हलकी पडतात आणि गार लागत नाहीत. विड्याची पानं ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये नाही, नाहीतर तिसऱ्या दिवशी काळी पडतात. हार इंदूरहून नेण्याचा हट्ट सोडा. हरिद्वार-ऋषिकेशला झेंडूचे ताजे हार घ्या, ओल्या फडक्यात ठेवा, थंडीमुळे दोन रात्री छान टिकतात. तळ्यावरून उतरताना तेच हार परत आणायचे. पाण्यात हार, अक्षता, पाकळ्या काहीही टाकू नका. तळं लहान आहे, दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण फेरी होते, त्याला बाहेर वाहून नेणारा मोठा प्रवाह नाही, टाकलेलं तिथेच कुजतं. शिवाय गावकऱ्यांच्या लेखी ते देवाचं पाणी आहे. बुरांसाची फुलं केसांत माळायला तोडणाऱ्या नवरीच्या मैत्रिणींवर गावातली आजीबाईसुद्धा ओरडते.

कपड्यांत नऊवारी बाजी मारते. काष्टा असल्यामुळे पाय मोकळे राहतात, आत थर्मल बेमालूम जातो. जरीची जड पैठणी विधीला गावात नेसा, पण तळ्यावर महेश्वरी रेशीम-सुती हलकी पडते, घडी लहान होते आणि दव लागलं तरी लवकर वाळते. घर महेश्वरपासून दोन-अडीच तासांवर असताना दुसरीकडे कशाला बघायचं? ब्लाउज पूर्ण बाह्यांचा शिवा. वर चढताना ट्रेकचे कपडे, साडी पिशवीत. वर चहाची छोटी दुकानं आहेत, तिथे विचारून आडोसा मिळतो, शिवलेली नऊवारी असेल तर दहा मिनिटांत काम होतं. मुंडावळ्या लोकरी टोपीवर बांधता येत नाहीत, टोपी काढून फोटोपुरत्या बांधा आणि लगेच टोपी चढवा, कान आधी दुखायला लागतात.

फोटोग्राफर इंदूरचा न्यावा की तिकडचा? तिकडचा, किंवा निदान डोंगरात काम केलेला. इंदूरचे चांगले लग्नाचे फोटोग्राफर दोन सहायक, छत्र्या, मोठे दिवे यांच्या भरवशावर काम करतात, त्यातलं काही वर नेता येत नाही. पहाटे उजेड आधी चौखंब्याच्या माथ्यावर पडतो आणि तळ्याचा काठ बराच वेळ सावलीत असतो. मागे लख्ख शिखर, पुढे काळी माणसं, असे फोटो घेऊन लोक परत येतात. चेहऱ्यावर ऊन यायची वाट बघायची किंवा छोटा दिवा वापरायचा, हे ज्याला माहीत आहे तोच हवा. बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा, गारठ्यात निम्म्या वेळात उतरतात. खाली आल्यावर कॅमेरा पिशवीतून लगेच काढून स्वयंपाकघराच्या उबेत नेलात तर भिंगावर बाष्प जमतं, पिशवी तासभर बंद ठेवा. ड्रोनचा विषय काढूच नका. जंगल आहे, शिवाय गुप्तकाशी आणि फाटा या गावांच्या परिसरातून केदारनाथची हेलिकॉप्टरं उडतात. पॅकेजमध्ये ड्रोन फुकट लिहिला असेल तर त्या माणसाने परवानगीचा कागद दाखवावा, एवढंच म्हणा. पैसे घेऊन केलेल्या शूटिंगसाठीही वनविभागाला आधी लेखी विचारावं. प्रवेशाची पावती घेऊन जपून ठेवा, पहाटे जायचं असेल तर ती कधी आणि कुठे मिळेल हे वाटाड्याकरवी आदल्या दिवशी ठरवा.

तंबूचा मोह होतो. 'काठाला लागून तंबू' अशी जाहिरात दिसली की पुढचं पान उलटा. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला तेव्हापासून या भागात तंबूंवर बारीक नजर असते. लग्नाच्या रात्री उणे तापमानात तंबूत कुडकुडण्यात काय मजा हेही आम्हाला उमगलेलं नाही. सारीत जाड रजया आहेत, बादलीभर कडकडीत पाणी आहे.

आणि जेवण. सारीच्या घरगुती स्वयंपाकाला नऊ गुण दिले ते मनापासून. मंडव्याची (नाचणीची) भाकरी, झंगोऱ्याची (भगरीसारख्या धान्याची) खीर, राजमा, आलू के गुटके, भांगेच्या बियांची चटणी, आणि गहतची डाळ. गहत म्हणजे आपलं कुळीथ, त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी पहिल्या घासाला खूश होतात. लग्नाच्या पानात वरण-भात, मसालेभात, पुरणपोळी हवीच असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. सारी थोडं खाली आहे, फरक एखाद-दोन अंशांचा. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाणा शाबूत राहतो. हरभराडाळ रात्रभर भिजवा, कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. कुकरची जादा रिंग इंदूरहून न्या. दहा माणसांना पुरणाला पाऊण किलो डाळ आणि तितकाच गूळ भरपूर होतो. होमस्टेच्या ताईंना पुरण वाटायचं यंत्र माहीत नसतं, त्यांचा पाटा-वरवंटा मात्र बारीक वाटतो. सकाळच्या पोह्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी शेव आणि जिरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) स्वतः न्यावं. मिळालेले पोहे कोरडे असतील, उसळ तर विसराच.

कागदपत्रांत लोक आळस करतात आणि मग सहा महिने हेलपाटे घालतात. उत्तराखंडात 27 जानेवारी 2025 पासून समान नागरी संहिता लागू आहे आणि साठ दिवसांत लग्न नोंदवायचा नियम आहे. दोघांपैकी एकही जण तिथला रहिवासी नसेल तर नोंदणी आपल्या गावी करायची. निघण्याआधी महापालिकेच्या आपल्या झोनच्या कार्यालयात जाऊन राज्याबाहेर लागलेल्या लग्नासाठी कोणकोणते कागद लागतील ते विचारून घ्या. साधारणपणे दोघांचे वयाचे आणि राहत्या जागेचे पुरावे, विधीचा फोटो, पत्रिका, गुरुजींचं पत्र आणि साक्षीदारांची ओळखपत्रं मागतात. छोट्या लग्नात पत्रिकाच छापत नाहीत आणि तिथेच गाडी अडते. दहा तरी छापा. फोटोत होम, वधू-वर आणि गुरुजी तिघंही एका चौकटीत हवेत, हे फोटोग्राफरला आधी सांगा.

दोघांचे धर्म वेगळे असतील, किंवा कोर्टाचाच कागद हवा असेल, तर 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे, नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा नोटीस. म्हणजे रुद्रप्रयागला जाऊन दोन दिवसांत हे उरकत नाही. ते इंदुरातच करा, डोंगरावरचा सोहळा त्यानंतर कधीही.

पैसे देताना सगळं एकाच माणसाला देऊ नका. दिल्ली किंवा ऋषिकेशचा मध्यस्थ सारीतल्या घरालाच फोन लावतो आणि मधलं खिशात घालतो. रस्ता बंद झाला तर कोण जबाबदार, हे त्याच्या कागदावर कुठेच नसतं. होमस्टेशी थेट बोला, खोल्यांचं आगाऊ त्यांना, खच्चर आणि वाटाड्याचे पैसे तिथे पोचल्यावर हातात. 'दरड पडून एक दिवस उशीर झाला तर खोली दुसऱ्या दिवशी चालेल' एवढं वाक्य व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. गावातले लोक ते पाळतात. आणि शनिवार-रविवार टाळा, दिल्लीचे घोळके तळ्याकाठी स्पीकर लावून बसलेले असतात. मंगळवार ते गुरुवार बघा.